विजेच्या एका युनिटमागे पाणी किती?



लागण, खोडवा, खतांचे डोस यांविषयी या पानावर आपण नेहमी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. मोबाईलवरील फोटो, बँकेची खाती अशी माहिती ज्या इमारतींतील यंत्रांत साठते, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने 2015 साली आपल्या पुण्यातही अशी सेवा सुरू केली.

ही यंत्रे रात्रंदिवस चालतात. घेतलेल्या बहुतेक सर्व विजेची शेवटी उष्णताच होते. ती घालविण्याची एक रीत कारखान्याच्या स्प्रे पाँडसारखीच आहे, पाण्याची वाफ करून. एका युनिटमागे सुमारे दीड लिटर पाणी हवेत जाते. समजा, केंद्र 10 मेगावॅटचे आहे, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या अडीच हजारांवर मोटारी अखंड चालू! रोज 2 लाख 40 हजार युनिट वीज आणि 3 लाख 60 हजार लिटर पाणी. आपल्या भाषेत एक एकर उसाची एक पाळी, रोजच्या रोज. नुसत्या हवेवर थंड केले तर हे पाणी वाचते, पण वीज जास्त लागते.

आणि खरी गोम विजेतच आहे. मावळकरांना हे नवे नाही. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी इंद्रायणीवाटे भीमेकडे न जाता नळांतून घाटाखाली खोपोलीस उतरते व 1915 पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होते. उतार सुमारे 500 मीटर. त्या हिशेबाने एका युनिटला 800 लिटरच्या आसपास पाणी लागते. वरचे केंद्र केवळ खोपोलीच्या विजेवर चालवायचे म्हटले, तर रोज 19 कोटी लिटर, म्हणजे पाचशेहून अधिक एकरांची एक पाळी! ते पाणी फुकट जात नाही, पाताळगंगेवाटे कोकणाच्या कामी येते. पण भीमेच्या खोऱ्याला ते मुकलेच.

प्रत्यक्षात तारेतून येणारी वीज मिसळलेली असते. कोळशाच्या विजेलाही पाणी लागते, सौर विजेला पॅनेल धुण्यापुरतेच. म्हणून गावाजवळ असे केंद्र यायचे झाले तर ग्रामसभेत विचारा : वीज कशाची घेणार? थंड करण्यास पाणी धरणाचे, की शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी? एप्रिल-मेमध्ये काय करणार? उत्तर लेखी मागा. ऊसवाल्यांनी पाण्याचे प्रश्न विचारावेत का, असे कोणी टोमणा मारील. मारू द्या; ठिबक केलेल्या सभासदाजवळ आपल्या पाण्याचा हिशेब तयार असतो.