मुलांचा संप आणि नैसर्गिक कायदा

राज्यकर्त्यांनी केलेल्या कायद्याहून वरचा, माणसाच्या विवेकाला पटणारा एक न्याय आहे. त्यालाच नैसर्गिक कायदा म्हणतात. परीक्षेपुरती पाठ केलेली ही व्याख्या मला खरी उमगली ती अमेरिकेतील एका शाळेची हकीकत वाचताना.

व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीयांची वेगळी शाळा होती. सोय जेमतेम १८० मुलांची, शिकत होती साडेचारशेहून अधिक. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना युक्तीने बाहेर पाठवून सभा भरवली आणि संप पुकारला. मुलांची मागणी साधी होती : चांगली इमारत. वकिलांनी मात्र सांगितले, वेगळेपणाच मोडायचा असेल तर आम्ही लढू.

'वेगळे पण समान' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली मान्य केले होते. तेव्हा विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांचे. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात नऊही न्यायमूर्तींनी शाळांपुरते ते तत्त्व फेटाळले. फार्मव्हिलचा खटला त्यातच सामील होता. निकालाचा आधार घटनेची चौदावी दुरुस्ती हा होता, नैसर्गिक कायद्याचे त्यात नावही नाही. पण वेगळे बसवल्यानेच मुलाच्या मनात हीनतेची भावना रुजते, हे न्यायालयाने मानले.

जे न्यायालयाने लिहिले नाही ते मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिले. संत ऑगस्टीन व थॉमस अक्वायनस यांचा आधार घेऊन त्यांनी मांडले, की माणसाचे व्यक्तिमत्त्व खुरटवणारा कायदा अन्याय्य होय. तो उघडपणे मोडावा आणि शिक्षाही भोगावी. निसर्गाची साक्ष दोन्ही बाजूंनी काढता येते, हेही विसरू नये. काही माणसे निसर्गतःच दास असतात, असे ॲरिस्टॉटल म्हणून गेलाच आहे! म्हणून किंग यांची कसोटी मला महत्त्वाची वाटते. ती माणसावर होणाऱ्या परिणामाची आहे.

निकालानंतर फार्मव्हिलला काय झाले? गोऱ्यांबरोबर कृष्णवर्णीय मुले बसू नयेत म्हणून त्या परगण्याने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीयांपैकी काही मुले परगावी गेली, काहींचे शिक्षण कायमचे सुटले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९६४ मध्ये शाळा उघडल्या. कुलूप लागले तेव्हा सात वर्षांचे असलेले मूल तोवर बारा वर्षांचे झाले होते.