ओटा, फडताळ आणि आत्याचा संगणक

संगणकाविषयी कलाशाखेच्या विद्यार्थिनीने लिहावे, हे काही वाचकांना अनाठायी वाटेल. परंतु पनवेलहून देवरुखच्या आत्याचा संगणक केवळ फोनवरून ठीक करण्याचा प्रसंग माझ्यावर आला, तेव्हा तंत्रापेक्षा भाषेचाच प्रश्न मोठा ठरला. म्हणून हे धाडस.

आत्याचे म्हणणे एवढेच होते, "मेमरी भरली म्हणतोय. तुझ्या आतोबांचं सगळं पुसून टाकू का गं?" कै. आतोबांनी निवृत्तीनंतर संगमेश्वरी बोलीतील शब्द गोळा करून टाइप करून ठेवले होते. त्या फोल्डरमध्ये १,२०० च्या वर फायली होत्या. जिथे फायली जास्त, तिथेच जागा जास्त अडलेली असणार, असा आत्याचा हिशेब.

वस्तुतः 'मेमरी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि फडताळ असते. चालू कामाचे जिन्नस ओट्यावर येतात व काम संपताच ओटा मोकळा होतो; ती रॅम. फडताळातले मात्र वीज गेली तरी राहते. ती हार्ड डिस्क. ओटा अपुरा पडला की संगणक मंदावतो. फडताळ भरले की 'जागा नाही' अशी पाटी येते. आत्याचे फडताळ भरले होते.

आता आकाराचे पाहू. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, ३ बाइट लागतात. पानावर १,५०० चिन्हे धरली, तर हजार पानांचा मजकूर ४५ लाख बाइटांत बसतो. मोबाइलवरचे एखादे छायाचित्र तेवढी जागा सहज घेते. (१९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत!) वर्डच्या फायलीत मांडणीचा तपशीलही असतो, म्हणून ती थोडी फुगते. तरीही फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडल्यावर आतोबांचा सारा संग्रह ५० मेगाबाइटसुद्धा भरला नाही. लग्नाची एक चित्रफीत याहून मोठी असते.

हे सांगायला सोपे. फोनवरून करवून घेणे कठीण. दूर बसलेल्याला समोरच्याच्या शब्दांखेरीज डोळे नसतात. "काहीतरी इंग्रजी आलंय" एवढ्यावर काही कळत नाही. म्हणून पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचायला सांगावे. शिवाय 'सी' आणि 'डी' फोनवर सारखेच ऐकू येतात. शेवटी आम्ही सीतेचा सी आणि डमरूचा डी असे ठरवले. हे ठरण्याआधीच मी घाईने 'डिलीट' म्हणाले आणि आत्याने नेमके आतोबांचे फोल्डर उडवले. चूक सर्वस्वी माझी. सुदैवाने ते रिसायकल बिनमध्ये होते. तिथे टाकलेली फाइल जागा अडवून राहते, पण परतही आणता येते. हेच पेनड्राइव्हवर घडले असते, तर बहुधा ही सोय मिळाली नसती.

त्यानंतर क्रम बदलला. आधी प्रत, मग मोजणी, पुसणे सर्वांत शेवटी. सी काठोकाठ भरलेला आणि डी जवळजवळ रिकामा निघाला. मोबाइलमधली तीच छायाचित्रे चार वेळा उतरवलेली होती. त्यांची एक प्रत डीवर ठेवून बाकीच्या काढल्या, तेव्हा पाटी गेली. समोरचा पडदा इथे बसून पाहण्याची 'क्विक असिस्ट'सारखी सोय आहे, पण त्या दिवशी देवरुखला इंटरनेट धड नव्हते. तशी सोय वापरताना लागणारा आकडा आपण होऊन फोन केलेल्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावा. 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्याकडून कदापि नव्हे.

आतोबांच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर, एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पनवेलला आली. उघडून पाहते तो सगळीकडे रोमन अक्षरांचा काला! मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट माझ्या संगणकावर नव्हता. पुन्हा फोन. आत्याने सीतेच्या सीमध्ये, 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरात तो शोधला, नाव अक्षरशः वाचून दाखवले आणि ईमेलने पाठवला. पहिले पान उघडले, तेव्हा आत्या फोनवरच होती. "वाच," म्हणाली. मी वाचत गेले, आणि दोन ठिकाणी तिने आतोबांचा शब्द दुरुस्त केला.

आता हा संग्रह युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे. दर रविवारी वीसेक पाने होतात.