घरच्या संगणकाची कार्यप्रणाली केव्हा बदलावी?

आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाआधी संगणक आला. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. रात्रपाळीचे पैसे साठवून त्यांनी बोईसरमधून दादासाठी जुना संगणक घेतला. दादा त्यावर लग्नपत्रिका व अर्ज टंकलिखित करतो. माझी फी त्यातूनच भरली जाते. तेव्हा 'विंडोज १०' सोडावे काय, हा प्रश्न आमच्याकडे हौसेचा नव्हता. "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" असे आई म्हणाली. तिच्या म्हणण्यात तथ्य आहेच.

कार्यप्रणाली हा संगणकाचा कारभारी. टंकफलक, छपाईयंत्र, फायली या सर्वांचा मेळ तो घालतो. त्यात चोरवाटा सापडतात आणि कंपनी त्या बुजवीत राहते, पण ठरावीक तारखेपर्यंतच. विंडोज १० साठी ती तारीख १४ ऑक्टोबर २०२५ होती. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली.

वाट उघडी राहिली तर काय होते? मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका चोरवाटेवर दुरुस्ती निघाली. ती न घेतलेल्या यंत्रांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभर गाठले. जूनमध्ये त्याच वाटेचाही उपयोग करणाऱ्या 'नॉटपेट्या'मुळे न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. म्हणजे यंत्र चालू असणे वेगळे आणि सुरक्षित असणे वेगळे. (नॉटपेट्या मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतूनच शिरला होता, हेही आईच्या बाजूने सांगायला हवे!)

खरी अडचण पुढेच होती. विंडोज ११ पात्र यंत्रांना विनामूल्य मिळते. पण आमच्या यंत्रात त्यासाठी लागणारी सुरक्षा-चिप नाही, प्रोसेसरही जुना. नवे यंत्र घ्यावे, तर दादाचे मराठी अक्षरसंच युनिकोडपूर्व काळातले. त्यांचे सॉफ्टवेअर एक छोटी किल्ली मागे खोचल्याशिवाय उघडत नाही आणि त्या किल्लीचा ड्रायव्हर ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये निघाले; त्यात असा ड्रायव्हर चालत नाही. अक्षरसंच नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो.

शेवटी लगीनसराई आटोपेपर्यंत जुने यंत्र इंटरनेटविना चालवायचे ठरले. परीक्षेचे अर्ज मी महाविद्यालयातल्या संगणकावर भरते. सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. त्याला दोन रात्री लागल्या. आता दादा रोज तासभर युनिकोडवर बोटे बसवतो आणि जोडाक्षर चुकले की माझ्यावर चिडतो.