कार्यप्रणालीची भाषा

संगणकाचा पडदा उजळताच अक्षरे आणि चित्रे दिसू लागतात. परंतु स्मृतीतील कोणती जागा कोणत्या प्रोग्रामला द्यावी, फाइल कोठे ठेवावी, हे ठरवणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, पडद्याआडच राहते. बहुतेक प्रोग्रामर तिच्या आधारावर आपले काम करतात; काहींना मात्र तिच्या अंतरंगात शिरल्यावाचून चैन पडत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे त्यांतलेच.

१९६९ साली प्रयोगशाळेने मल्टिक्स या अवजड प्रकल्पातून अंग काढून घेतले. थॉम्पसन यांना फारसा वापरात नसलेला एक पीडीपी-७ संगणक मिळाला. त्या उन्हाळ्यात पत्नी लहान मुलाला घेऊन आप्तांकडे गेली असता काही आठवड्यांतच त्यांनी नव्या कार्यप्रणालीचा सांगाडा उभा केला. तीच युनिक्स. संशोधकाला इतकी मोकळीक मिळणे हेही भाग्याचेच!

युनिक्स प्रथम असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. ही भाषा एकाच जातीच्या यंत्राशी जखडलेली असते. यंत्र बदलले की सारे लेखन पुन्हा करावे लागते. तरीही वेगासाठी कार्यप्रणाली असेंब्लीतच लिहावी, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. थॉम्पसन यांची 'बी' भाषा सुटसुटीत होती. पण तिला यंत्रशब्द हा माहितीचा एकच प्रकार ठाऊक होता, तर नव्या पीडीपी-११ वर प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. रिची यांनी तिच्यात अक्षर, पूर्णांक असे प्रकार आणले आणि 'सी' भाषा घडली. युनिक्सचा गाभा तिच्यात लिहिण्याचा १९७२ मधील प्रयत्न फसला. भिन्न प्रकारची माहिती एकत्र बांधणारी 'स्ट्रक्चर' ही सोय भाषेत आल्यावर, १९७३ मध्ये, तो तडीस गेला. कार्यप्रणालीची गरज भाषेला अशी घडवीत गेली.

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेला लिनक्सचा गाभाही सी भाषेतच लिहिला गेला.

सी भाषेत प्रोग्रामरला स्मृतीच्या पत्त्यांना थेट हात घालता येतो. वेग येतो तो यामुळेच, आणि धोकाही. दहा घरांच्या रांगेत अकरावे अक्षर लिहिले, तरी भाषा अडवत नाही. शेजारची माहिती बिघडते, घुसखोराला वाट सापडते. रस्ट ही नवी भाषा साधारणतः अशी मर्यादा ओलांडू देत नाही. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत लिनक्सच्या गाभ्यात तिलाही प्रवेश मिळाला. आधीचे कोट्यवधी ओळींचे लेखन मात्र सी भाषेतच आहे, आणि गाभ्यात काम करू इच्छिणाऱ्याला ते वाचता यावेच लागते.