पट्टी, पिशवी आणि नळी : सुट्टी होण्याआधी शिकून घ्या

शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. त्यानंतरची जखम, पोटावरची पिशवी किंवा लघवीची नळी सांभाळण्याचे काम आठवडे, महिने, कधी कधी आयुष्यभर चालते. रुग्णालयात ते सिस्टर करतात, घरी आल्यावर घरच्यांना करावे लागते. आलापल्लीहून रोग्याला पुन्हा चंद्रपूर-नागपूरला नेणे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. म्हणून हे काम नीट कसे असते, हे प्रत्येक घराला माहीत हवे.

या तिन्ही गोष्टींची शुश्रूषा ही परिचर्येची एक खास शाखा आहे. तिची सुरुवात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे झाली. नॉर्मा गिल या बाईंचे आतड्याचे ऑपरेशन होऊन पोटावर मलमार्ग काढलेला होता. १९५८ मध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी इतर रोग्यांना शिकवण्यासाठी त्यांनाच रुग्णालयात नेमले. पुढे १९७८ मध्ये अशा परिचारिकांची जागतिक परिषद स्थापन झाली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या कामात पुढाकार घेतला.

या शाखेची शिस्त साधी आहे. आधी तपासायचे, मोजून लिहून ठेवायचे, कारण शोधायचे, उपाय करायचा, घरच्यांना शिकवायचे आणि पुन्हा तपासायचे. ‘जखम बरी दिसते’ एवढे लिहून भागत नाही. लांबी, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये लिहावी लागते. तसेच रंग, वास आणि स्राव किती, हेही. मागच्या आठवड्याचे माप नसेल तर जखम भरते की वाढते, हे कोण सांगणार?

खाटेवरची जखम. लकवा झालेला किंवा झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला माणूस एकाच कुशीवर पडून राहतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. माकडहाड, कुल्ले, टाचा या मुख्य जागा. पहिली खूण म्हणजे लाली. बोटाने दाबून सोडल्यावर लाली पांढरी होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे काळसरपणा, ऊब किंवा कडकपणा हाताने पाहावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहू द्यावी. अनेक घरांत कमरेखाली हवेची रिंग किंवा रबरी ट्यूब ठेवलेली मी पाहतो. तिच्या कडेने रक्त आणखी अडते, म्हणून ती वापरू नये. लाल जागा चोळूही नये. अंडी, डाळ, दूध यांवाचून जखम भरत नाही.

पायाची जखम. आपल्या भागात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही सापडतात आणि मधुमेहही वाढला आहे. दोन्हींत पाय बधिर होतो. वेल्लोर येथे काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की असा पाय रोगाने आपोआप झडत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाय जातो. तेव्हा पट्टीइतकीच विश्रांती महत्त्वाची. रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. अनवाणी फिरू नये. कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराच्या चपला शासनाच्या कार्यक्रमातून मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

जखम धुण्यास अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे व त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे. हे पाणी रोज नवे करावे. चुना, तंबाखू, शेण, राख काहीही लावू नये. ताज्या भरत्या जखमेवर रोज स्पिरिट किंवा फेसाळणारे औषध ओतल्यास नवी कातडीही जळते.

पोटावरची पिशवी. आतड्याचे तोंड लालसर आणि ओलसर असावे, ओठाच्या आतल्या भागासारखे. ते काळे किंवा निळे पडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भोवतालची कातडी बाकीच्या पोटासारखीच असली पाहिजे. ती सोलपटली असेल तर बहुधा पिशवीचे भोक चुकीचे कापलेले असते. भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. ऑपरेशन आधी ठरलेले असेल तर तोंड कोठे काढायचे, याची खूण रोग्याला बसवून, उभे करून पोटावर आधीच करणे हा चांगल्या शुश्रूषेचा नियम आहे. कमरेच्या नाडीखाली किंवा वळीत तोंड आले तर पिशवी टिकत नाही.

लघवीची नळी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली टांगावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. नळी मांडीला हलकी चिकटवावी, म्हणजे ओढ बसत नाही. हात धुतल्याशिवाय जोड उघडू नये. थंडी वाजून ताप आला किंवा पिशवीत लघवी उतरेनाशी झाली तर वाट पाहू नये. आपोआप लघवी होणाऱ्या रोग्याला ओल्या कपड्यात ठेवू नये, ओली कातडी लवकर फाटते. आणि बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटणाऱ्या बायांनी लाजेपोटी गप्प राहू नये. तेथील स्नायूंच्या व्यायामाने अनेकींना पुष्कळ आराम पडतो.

रुग्णालयातून निघण्याआधी सिस्टरांकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात. पट्टी किंवा पिशवी बदलताना एकदा त्यांनी करून दाखवावी. एकदा घरच्या माणसाने त्यांच्या समोर करावी. जखमेचे माप, पट्टी कधी बदलायची आणि कोणत्या खुणा दिसल्यास परत यायचे, हे मराठीत लिहून मिळावे. आणि पुढची तपासणी जवळ कोठे करायची, अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात की प्राथमिक आरोग्य केंद्रात, हे ठरवून घ्यावे. हे मागताना संकोच नको. शिकवणे हा सिस्टरांच्या कामाचाच भाग आहे, आणि घरच्यांना शिकवल्याशिवाय दिलेली सुट्टी अर्धवट उपचारच ठरते.