मुरुमे आणि दुकानातले मलम

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलीच्या गालांवर मुरुमे आली. दुकानातल्या मलमाने आठवडाभर बरे वाटले, मग दुप्पट उठली. काय करावे?
– एक माता, चारठाणा (ता. जिंतूर)

उत्तर : प्रथम त्या नळीवरची बारीक अक्षरे वाचावीत; तेथे बीटामेथासोन वा क्लोबेटासोल हे नाव आढळल्यास, आरंभी लाली दडपून पुढे मुरुमे वाढविणारे आणि त्वचा पातळ करणारे ते स्टेरॉइड, चिठ्ठीवाचून बिनदिक्कत विकले गेले तरी, मुलीच्या चेहऱ्यास पुन्हा लावू नये. ते थांबविताच काही दिवस लाली भडकेल. म्हणून परभणीस त्वचारोगतज्ज्ञांना सत्वर दाखवावे. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक स्रवतात व रंध्रांची मुखे बुजतात. यात अस्वच्छतेचा दोष नाही, तेव्हा तिला बोल लावू नये, ही माझी कळकळीची विनंती. तज्ज्ञांनी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड दिल्यास गुणासाठी ६ ते ८ आठवड्यांची मुदत द्यावी आणि त्याने रंग उडतो म्हणून उशीस पांढरा अभ्रा घालावा.