भूकंप आणि आपले घर

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लोक गाढ झोपेत होते. अचानक जमीन हादरली. उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर, शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी अशी अनेक गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे दगावली.

भूकंप नेमका केव्हा होईल, हे विज्ञान आजही सांगू शकत नाही. पण घर कसे बांधावे, हे ते सांगते. चारही भिंतींना एकत्र बांधणारा सळई-काँक्रीटचा पट्टा असावा. मग जमीन हादरली, तरी भिंती सहसा एकमेकींना सोडत नाहीत. माणसांचे प्राण वाचतात.

मुलांनो, तुमच्या घराला असा पट्टा आहे का? आज घरी विचारा.

शब्दार्थ : भूकंप – जलजला, पहाट – सुबह-सवेरे, भिंत – दीवार.